दोन पॉइंट आठ मिलिमीटर

मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला
आणि विचारलं, बघवेल ना?
मी म्हटलं, माझं कामच हे आहे.
बोअरमध्ये कॅमेरा सोडतो मी,
सांवेर, देवास, महू, पार बडनगरपर्यंत.
गेंदालाल केबलचं रीळ धरतो,
मी डोक्यावर गोधडी ओढून स्क्रीन बघतो,
केसिंग कुठे फुटलंय, मोटर कुठे अडकलीय,
कुठल्या थरातून पाझर येतोय.

तुमचा कॅमेरा केवढा?
दोन पॉइंट आठ मिलिमीटर.
माझा बेचाळीसचा.
बोटांनी मी तेवढी फट करून बघितली,
मग हात टेबलाखाली घेतला.

एकवीस दिवस ताप.
आधी परदेशीपुऱ्यातले डॉक्टर, मग नर्सिंग होम,
इंजेक्शनं बदलली, सलाइनचा हात बदलला,
एक्सरेत उजवा खालचा कोपरा मात्र
चुना ओतल्यासारखा पांढराच.
वैदेही रात्ररात्र शर्वरीच्या बरगड्या बघत बसायची,
मिनिटाला किती श्वास ते वहीत लिहायची.
छप्पन्न. अठ्ठावन्न. पुन्हा छप्पन्न.
वाट बुजलीय, मॅडम म्हणाल्या होत्या,
आत जाऊन बघावं लागेल.
सहीच्या कागदावर
माझंच नाव मी दोनदा चुकवलं.

आता स्क्रीनवर
दोन पांढुरके पडदे, अर्धवट उघडे.
आवाज इथून येतो, मॅडम सांगतात.
मग नळी, कड्याकड्यांची,
थेट केसिंगच, फक्त ओलं, आणि हलणारं.
आणि एकदम वाट फुटते.
डावी. उजवी.
बोअरला फाटा नसतो हो.
मी तिथेच चुकलो, त्या पुढे गेल्या,
उजवीकडे, खाली, अजून खाली,
तर एका तोंडाला बूच.
पिवळट, चिवट.
पाणी सोडलं, ओढलं.
सोडलं, ओढलं.
हलेना.

एक रात्र मी घरी कधी सांगितलेली नाही.
शाजापूरकडचं शेत, उघडा बोअर, जनरेटरचे दिवे.
कॅमेरा आहे ना तुमच्याकडे, म्हणून फोन आला होता.
साठ फुटांवर मातीत एक मूठ दिसली.
दिसतंय, एवढंच मी मोठ्याने म्हणालो.
हलतंय का, कोणी विचारलं नाही.
तेव्हा बोअरमध्ये मूल होतं.
आज मुलीत बोअर,
आणि माझ्या हातात केबल नाही.

चिमटा गेला. धरलं. सुटलं. पुन्हा धरलं.
मग ते आलं, हळूहळू, लांबच लांब,
आणि मागच्या तोंडांतून फेस उसळला,
बुडबुडे, बारीक, असंख्य.
मॅडमनी व्हिडिओ थांबवला
आणि एक बाटली पुढे केली.
पाण्यात ते उलगडलं होतं,
एक खोड, दोन फांद्या, त्यांना चार, त्यांना आठ,
टोकं तर मेथीच्या मुळीहून नाजूक.
हे तिच्या आतलं झाड आहे?
झाडाचा साचा, त्या म्हणाल्या. कफाचा.
एकदा सत्तर फुटांवर
केसिंगच्या चिरेतून पिंपळाची मुळी लोंबताना पाहिली होती,
सगळी मोटर तिने आवळून धरलेली.
मी ते सांगितलं. मॅडमनी नीट ऐकलं.
मग म्हणाल्या, नमुना तपासणीला गेलाय,
औषध बदलतोय,
कदाचित पुन्हा एकदा आत जावं लागेल.
कदाचित नाही.

वॉर्डात संध्याकाळचा चहा वाटत होते.
शर्वरीचा घसा बसलेला,
ओठांशी कान नेला तेव्हा कळलं,
मी कामावरून आलो की रोज जे विचारते तेच.
बाबा, पाणी लागलं?
नाही गं, म्हटलं, आज हवा लागली.
तिला ते काही पटलं नाही.
वैदेहीने घड्याळाकडे बघत बोट वर केलं,
बोलू नका, मोजतेय.
मग वहीत लिहिलं, चव्वेचाळीस,
आणि त्याच्याखाली रेघ मारली.