खरखरीत बाजू

मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीमागे,
अठरा वर्षं मी पट्टे शिवते.
मनगटाचे, कमरेचे, गुडघ्याचे.
आत फोम, वर कापड, टोकाला वेल्क्रो:
एक बाजू मऊ, एक खरखरीत.
शिवून झाला की चिकटवायचा
आणि खर्रकन ओढून बघायचा.
दिवसाला दीडशे वेळा.

मग माझीच बोटं सुजली.
सकाळी नऊपर्यंत मूठ वळेना,
चहाच्या डब्याचं झाकण हे उघडून द्यायचे.
बुधवारच्या बुधवारी गोळ्या,
आणि मनगटाला पट्टा. दुकानातून आणला
तर कोपऱ्यात दुहेरी टाका.
माझाच.
दुकानदारानं पैसे मात्र पुरते घेतले.

खोकला लागला तेव्हा सगळे म्हणाले, फोमचा भुगा.
मीही तेच म्हणाले.
स्टेशनचा जिना चढताना अर्ध्यात थांबून
गाड्या बघत असल्यासारखं करायची.
बेळगावची गेली, कोल्हापूरची आली,
माझा श्वास काही फलाटाला लागेना.

पद्मावती भूपाल मगदूम, आत या.
डॉक्टरीणबाईंनी पाठीवर नळी टेकवली.
मोठा श्वास. अजून एक.
मग शिकाऊ पोराला हाक मारली:
ऐक, खाली, दोन्हीकडे. वेल्क्रो.

मला हसू आलं, हसण्यातून खोकला,
बाई विचारतायत काय झालं
आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मग म्हटलं, बाई, वात तर हातात आहे.
हातातच राहतो असं नाही, त्या म्हणाल्या.
फिल्म उजेडाला धरली.
तळाशी मधाचं पोळं होतं,
बिनमधाचं.

व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं.
चिमटा सुजल्या बोटांवर बसेना,
शेवटी करंगळीला लावला.
शहाण्णव. एक्क्याण्णव.
अठ्ठ्याऐंशीला नर्स पोरगी म्हणाली, बसा मावशी.
बसले. समोरच्या बाकावर एकाच्या कमरेला
आमच्याकडचाच पट्टा, उलटा बांधलेला.
सांगायला दम नव्हता.

कारखान्यात आस्मा आता माझं मशीन चालवते.
मी ओढून बघायचं काम मागून घेतलंय.
ओढते, थांबते, कान देते.
ती म्हणते, काकी, चिकटतोय की, पुढं सरका.

रात्री हे पाठीला कान लावून झोपतात.
काही ऐकू येत नाही म्हणतात.
मी अंधारात मनगटाचा पट्टा सोडते,
खर्रर,
आणि हे दचकून उठतात:
पट्टा होता,
का तू?