कलबूत, आठ नंबर

राजारामपुरीत नवा कॅफे झालाय,
विटा उघड्या ठेवलेल्या, कॉफी एकशेऐंशीला.
तिथं भिंतीवर, काचेत, माझी आत्या आहे.

पोऱ्या म्हणाला, व्हिंटेज आहे सर, ओरिजिनल.
मी म्हटलं, व्हय.

पान दिवाळी अंकातलं, साल एकसष्ट.
निमुळत्या पायांचा सोफा, उंच दिवा,
दिव्याखाली बाई, निळी साडी, मोत्यांचा सर,
आणि कानाशी फोन. काळा नव्हे, हस्तिदंती,
लोण्यातून बोट फिरवावं तसलं वळण.
वर ठसठशीत अक्षरांत:
आपला आवाजही आता सुंदर दिसेल.
खाली मुंगीएवढ्या:
पुरवठा शिल्लक असेपर्यंत.

शिल्लक!
सुभाषनगरात तेव्हा फोन करायचा तर पोस्टात जायचं,
आणि पोस्टात जायचं ते कुणी मेलं तरच.

यल्लाप्पाकाका बोर्ड रंगवायचा.
सिनेमाचे, खताचे, निवडणुकीचे,
ज्याचा पैसा त्याचा रंग.
मुंबईच्या कंपनीनं चित्र मागवलं, आगाऊ पंचवीस रुपये.
फोन त्याला रद्दीत सापडला,
कुठल्याशा परदेशी मासिकाचं पान, पुडी होऊन आलेलं,
भज्यांच्या तेलानं अर्धा फोन खाल्लेला.
उरलेला अर्धा त्यानं डोक्यानं केला.
पण हात कुठनं आणायचा?

आमच्या घरात हात पुष्कळ.
आजोबा बुटाला टाके घालत होते,
आत्या भिजलं कातडं ताणत होती.
काका म्हणाला, गौराक्का, ऊठ, हे धर कानाला.
हे म्हणजे कलबूत.
आठ नंबरचं, सागवानी, डाव्या पायाचं.
टाच कानाशी, चवडा तोंडाशी.

'आता ऐक.'
'काय ऐकू?'
'चांगली बातमी.'
'कुणाची?'
'कंपनीनं सांगितलं न्हाई. तुझी तू ठरव.'

तीन दुपारी ती बसली पत्र्याच्या डब्यावर,
शेजारी हौदात बाभळीची साल आंबत होती.
तिसऱ्या दुपारी हसली.
काका सांगायचा, मी काही बोललो नव्हतो बाबा,
ते हसू तिनं कुठनं काढलं तिलाच ठाऊक,
मी आपलं उतरवून घेतलं.

मग त्यानं डब्याचा सोफा केला,
हौदावर गालिचा अंथरला,
आणि कातड्याच्या पाण्यानं तांबडे पडलेले हात
पांढऱ्यात गुलाबी कालवून गोरे केले.
कंपनीनं तसं लिहूनच दिलं होतं.
आजोबांनी चित्र उजेडाला धरलं, म्हणाले,
'बाई बसलीया खरं, पायात काय हाय तिच्या?'
पाय कंपनीनं मागितलेच नव्हते.

आमच्याकडं फोन आला पंच्याऐंशीत.
काळा. वजनाला वरवंटा.
आत्या माहेरी आली होती. उचलला, कानाला लावला,
ती एकसुरी गुणगुण बराच वेळ ऐकली,
आणि ठेवून दिला.
'लाकडातच बरं ऐकू यायचं,' म्हणाली.
काय, ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही.
पुढच्या साली विचारणार तर ती नव्हती.

कॉफी निवत होती. मी काचेजवळ गेलो.
साडी दुसऱ्याची, सर दुसऱ्याचा, कातडीचा रंग दुसऱ्याचा.
सही तर कंपनीनं खोडूनच टाकलेली.
पण पकड?
फोन असा कुणी धरत नाही.
चार बोटं कमानीखाली, अंगठा टाचेच्या खाचेत रोवलेला.
असं धरतात खिळा मारायच्या आधी,
लाकूड निसटू नये म्हणून.

तेवढ्यात एक मुलगी येऊन चित्रापुढं उभी राहिली,
रिकामी मूठ कानाशी नेली,
मैत्रीण फोटो काढत होती.
मी म्हटलं, बाळ, अंगठा जरा वर घे.
दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.
'असा?'
अजून थोडा.
आणि आवळून धर.