वर्ग: गावे

दर गुरुवारी बुडिशिनच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
आम्ही पाचजण. कधी चार.
सोर्बी भाषेतला ज्ञानकोश आवरायला बसतो:
पोरके लेख हुडकायचे, त्यांना वर्गात बसवायचं,
एकाच नावाच्या तीन टेकड्या वेगळ्या करायच्या.
मेर्चिन कामं वाटून देतो. याद्या म्हणजे त्याचा जीव.
यंदाचा प्रकल्प: कोळशाच्या खाणीत गेलेली गावं.

सोव्यांकाचं पान माझ्या वाट्याला आलं.
जेमतेम एक ओळ. 'सोव्यांका हे गाव आहे.'
मी 'आहे'चं 'होतं' केलं,
'गावे'मधून काढून 'माजी गावे'त घातलं.
माजी. जणू निवडणूक हरलं.
सकाळी पाहते तर पुन्हा 'आहे'.
रात्री दोन वाजून दहा मिनिटं, कुणी 'हान्झा७'.
मी उलटवलं. तिनं उलटवलं.
अकरा दिवस एका क्रियापदाची रस्सीखेच.

मग मेर्चिननं तोड काढली:
खाणीत आता पाणी भरलंय, तळ्याचा लेख चांगला ऐसपैस आहे,
गावाचं पान तिकडेच वळवू.
वळवलं.
त्या दिवसापासून कुणी सोव्यांका शोधलं
की थेट तळ्यात.
खोली, मासे, बोटीचं भाडं.

पुढच्या गुरुवारी ती स्वतःच जिना चढून आली.
सत्तरीची, धाप लागलेली.
'हान्झा,' म्हणाली. 'सात हा आमचा घर नंबर.'

संदर्भ काय, असं मेर्चिननं विचारलं
आणि लगेच कॉफी ओतायला उठला.
ती माझ्या खुर्चीत बसली. एका बोटानं
एकतीस घरं लिहिली,
कोण राहायचं, दारात काय होतं,
कुत्रा बांधलेला की सुटा.
क्रम अक्षरांचा नव्हता, आकड्यांचाही नाही:
चार, मग नऊ, मग सात, मग गिरणी.
'वडील पोस्टमन,' ती म्हणाली. 'सायकल अशी जायची.
चढ शेवटी.'

यादी नीट लावणारं बटण माझ्या बोटाखाली होतं.

पान आता परत आपल्या जागी आहे. वर्ग रिकामा.
मेर्चिननं माथ्यावर पट्टी डकवली: 'संदर्भ हवा.'
ती राहू दिली. हवाच आहे.

हान्झा गेल्यावर मी सगळं पुन्हा वाचलं.
घरांना तिनं सगळीकडे 'होतं' लावलंय. कुत्र्यांनाही.
फक्त शेवटच्या ओळीत,
'गिरणीपुढे चढ आहे.'

तिथे आज वीस मीटर पाणी.
मी हात लावला नाही.