दोनशेपैकी एकशे त्रेसष्ट

डॅशबोर्डवर पितळी पट्टी: दोनशेपैकी एकशे त्रेसष्ट.
चौदा महिने माझ्या शेडमध्ये होती ही.
सांगाड्याचा गंज खरवडला,
अक्रोडाचं लाकूड घासत राहिलो, तोंड दिसेपर्यंत.
मागच्या सीटचं कातडं उसवलं तेव्हा
मूठभर लोकर निघाली मेंढ्यांची
आणि कुत्र्याला हाकारायची शिट्टी.

जाहिरातीत शिट्टी नाही.

लंडनहून आलेला माणूस ओणवा होऊन
खालून बघतोय सगळं, टॉर्च मारून.
डॉल्गेथ्लायच्या डोंगरावरून धुकं कुंपणापर्यंत आलेलं.
नेरिस, इद्वालच्या मागे आता एकटीच,
‘बसून तर बघा,’ म्हणत दार उघडते,
आणि लावताना ते जरा वर उचलते,
खांद्याचा रेटा देते.
गरज नसते. बिजागऱ्या नव्या आहेत,
बोटाने ढकललं तरी मिटतं.

‘दारात काही दोष?’
त्याचं पेन वहीवर टेकलेलं.

मी तोंड उघडतो, तोवर तीच:
‘तीस वर्षं असंच लावलं.
आता हाताला कोण सांगणार.’

तो पाचशे पौंड कमी करा म्हणतो.
ती करत नाही.

शिट्टी माझ्या खिशात.
गाडीची की तिची,
मला अजून ठरवता आलेलं नाही.