कलम सात

यावलच्या निबंधक कचेरीसमोर
पत्र्याच्या शेडात बसतो मी.
प्रिंटर, पाण्याचा जार, शाईचं पॅड,
आणि साठेखताचा एक मसुदा, अठरा कलमांचा.
त्यात नावं बदलतात, चतुःसीमा बदलतात,
बाकी माणसं तीच.

कलम सात मी स्वतः घातलं होतं,
एका कंडक्टरचा विसार बुडाल्यावर:
'बँकेच्या मूल्यांकनात सदर मिळकतीची किंमत
ठरल्या मोबदल्याहून कमी आल्यास
लिहून घेणार यांना सौदा रद्द करण्याचा
व विसार परत मागण्याचा हक्क राहील.'
चार ओळी.
त्यांच्यावर किती जणांनी डोकं टेकून झोप काढली असेल!

जुलेखा तडवी, परिचारिका,
रात्रपाळी उतरून थेट आलेल्या,
म्हणाल्या, सात काढा.

मी म्हटलं, बाई, सोळा काढा, सतरा काढा,
ते नुसते शोभेचे आहेत. सात राहू द्या.
बँकेचा माणूस तुमच्या डोळ्यांनी घर बघणार नाही.

त्या म्हणाल्या, बऱ्हाणपूरचा एक आडत्या
रोख घेऊन बसलाय.
त्याला बँकच नको, तर मूल्यांकन कशाला?
माझ्याकडे रोख नाही, भाऊ.
सोडण्यासारखं माझ्याकडे हे एक कलमच आहे.

शेजारी लिलाधर झांबरे, लिहून देणार,
टोपी गुडघ्यावर ठेवून
रस्त्यावरचा केळीचा ट्रक बघत होते.
त्यांनी मान हलवली नाही, हो नाही, ना नाही.

मी सात काढलं.
आकडे हातानं टाकलेले, म्हणून सहानंतर आठ आलं.
कारकुनानं भुवई उचलली.
दोघांनी तिथं, दोन कलमांच्या मधल्या मोकळ्या जागेत,
सही केली.

मग जळगावहून मूल्यांकनकार गेला फैजपूरला.
लेझरचा लाल ठिपका भिंतीवर फिरवला,
मोरीजवळची ओल लिहिली,
बांधकाम सव्वीस वर्षांचं, घसारा,
शेजारी पिठाची गिरणी: वजा.
ओट्यावरची चिंच कोणत्या रकान्यात टाकावी
त्याला कळलं नाही, त्यानं टाकली नाही.
एकतीस लाख.
सौदा साडेचौतीसचा.
बँक एकतीसचे ऐंशी टक्के देणार,
म्हणजे हिशेबातून दोन लाख ऐंशी हजार
एका दुपारी नाहीसे.

त्या परत आल्या, रडायला नाही, वजाबाकीला.
भविष्य निर्वाह निधीतून इतके, भिशीतून इतके,
रावेरच्या बहिणीकडून इतके.
माझाच कॅल्क्युलेटर, माझंच पेन.
शेवटी तीन हजार कमी पडत होते
तेव्हा मी चहा सांगितला,
दुसरं काय सांगणार.

विचारलं, एवढं काय त्या घरात?

म्हणाल्या, नऊ घरं बघितली.
आठ ठिकाणी आडनाव सांगितलं
आणि घर तेवढ्यात विकलं गेलेलं होतं.
झांबरेबाबांनी नाव ऐकलं, म्हणाले,
'नावाचं काय लोनचं घालू व माय?
राहाले कव्हा येतीन ते सांग.'

मी कप खाली ठेवला.
माझ्याकडे अठरा कलमं, नाहीतर सतरा,
आणि ह्या गोष्टीला त्यांत कुठं जागा नव्हती.
खरेदीखत झालं. झांबरे नाशिकला गेले, लेकीकडे.
गिरणी, ऐकतो, सकाळी सातलाच सुरू होते.

त्या दिवशी घाईत फाईल मूळ मसुद्यावरच सेव्ह झाली.
त्यानंतर चार सौदे झाले, कुणी मोजलं नाही.
पाचव्याला एका मास्तरानं बोट लावून वाचलं,
पाच, सहा, आठ.
'सात कुठंय?'

मी म्हटलं, फैजपूरला. गिरणीशेजारी.

मास्तर हसले नाहीत.
मग चष्मा पुसून
त्या चार ओळी पुन्हा टाइप केल्या,
'हक्क' शब्दाशी थोडा थांबलो,
आणि प्रिंट दिली.