कर्ता

वॉशिंग्टन. शुक्रवार, दुपारचे दोन वीस.
मंचावर थॅक्स्टन साहेब, टाय किंचित डावीकडे.
मी कोपऱ्यात, बोटं यंत्रावर.

ते म्हणाले, युद्धविराम नव्हे. नुसता विराम.
बहात्तर तास.
दुसऱ्या रांगेतून ओडेट प्रुइट :
म्हणजे स्वल्पविराम, की अर्धविराम?
हशा कंसात घालायचा असतो. घातला.

कधीपासून?
शनिवारी सकाळी सहापासून.
कुणाच्या सकाळी?
साहेबांनी पाणी घेतलं.
घोट लिहायची आमच्यात पद्धत नाही.

मग एक पोरगेला वार्ताहर,
मघापासून हात वर धरून अवघडलेला :
तिथल्या लोकांना हे कोण सांगणार?
योग्य त्या मार्गांनी कळवलं जाईल.
या चार शब्दांना
माझ्या यंत्रात आता एकच कळ पुरते.

संध्याकाळी मसुदा दुरुस्त होऊन आला.
'आम्ही बॉम्ब टाकणं थांबवलंय' यावर काट,
वर बारीक, सुबक अक्षरात
'बॉम्ब पडणं थांबलंय.'
पाऊस थांबतो तसं.

साताऱ्याच्या शाळेत लिमयेबाई
टेबलावर पट्टी आपटून विचारायच्या,
वाक्यात कर्ता कुठाय?
आम्ही खिडकीबाहेर बघायचो.

मी दुरुस्ती उतरवली, सही केली,
पार्किंगचे अकरा डॉलर भरले.

घरी मुलगा म्हणाला,
आई, मंगळवारी सहल आहे, सहाला उठव.
उठवते, म्हटलं.
गजर लावला.
दोनदा तपासला.