चऱ्हाट

परिपत्रकात विषय होता : सागरकिनारा स्वच्छता व जलसुरक्षा.
फोटो पाठवणे सक्तीचे.
आमचं गाव जतच्या पूर्वेला, कर्नाटकाला खेटून.
आमचा समुद्र वर्गातल्या नकाशाच्या डाव्या कडेला,
निळ्या खडूचा, पोरांच्या पाठी घासून पुसट झालेला.
मुख्याध्यापकांनी डिझेलचा हिशेब मांडला,
खोडला, पुन्हा मांडला, मग म्हणाले,
"हरिपूरला न्या. तिथं दोन नद्या आहेत,
दोन नद्या म्हणजे अर्धा समुद्र धरा."

सदतीस पोरं, हातमोजे अकरा जोड :
डावा एकाला, उजवा दुसऱ्याला,
उरलेल्यांनी दुधाच्या पिशव्या घातल्या.

संगमावर गाडी थांबली तशी कलकल थांबली.
कृष्णा समोरून, वारणा बाजूनं,
आणि पुढं दोघींचं मिळून जे काही होतं ते.
"इष्टु नीरु!" मागून कुणीतरी पुटपुटलं.
बसू बिरादार माझा पदर ओढून विचारत होता,
"बाई, हे रोज कोण भरतं?"

आम्ही वेचलं :
गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचं मखर,
काच तडकलेला दत्त, ज्याला कुठल्या पोत्यात टाकायचं
यावर सातवीत भांडण झालं,
एक आख्खी गादी, पाणी पिऊन म्हशीएवढी जड.
फडकं बांधलेलं एक गाडगंही होतं.
ते राहू द्या, म्हटलं.
का, असं कुणी विचारलं नाही.

मग लखू आंबी आले, नावेतून थेट पायरीवर.
आधी देवळाच्या भिंतीवरची लाल रेघ दाखवली,
पूर इथवर आला होता.
उंच पोरांनी टाचा उचलल्या, हात वर केले.
रेघ तशीच वर राहिली.
"बुडणाऱ्याकडं पोहत जायचं न्हाई," ते म्हणाले,
"त्यो मिठी मारतोय.
भ्यानं मारतोय, पर सुटत न्हाई.
काठी द्या, ओढणी द्या, रिकामा कॅन द्या, दोर द्या.
हात शेवटी."
पोरांनी वहीत लिहून घेतलं : हात शेवटी.

नंतर गाठ.
त्यांनी चऱ्हाटाचा फास केला, ओढून दाखवला, सोडला,
"आता कोण?"
तीन मुलगे गुंतले, चौथ्यानं स्वतःचा अंगठा बांधला.
मायाक्का पुजारी वर्गात हजेरीला सुद्धा मान हलवून 'हो' म्हणते.
ती उठली.
दोन वेढे, एक खालून, अंगठ्यानं दाब.
संपलं.
लखूकाकांनी ओढली, पाय रोवून ओढली,
दगडाला बांधून दगड पाण्यात सोडला, वर घेतला.
गाठ होती तिथंच.
"कुणी शिकवली गं?"
"घागरीची आहे," ती पायाच्या बोटांकडं बघत म्हणाली,
"आमच्या विहिरीला पाणी साठ हात खाली.
गाठ सुटली की घागर जाते.
मग आई बोलते."

"साठ हात," म्हातारा म्हणाला.
नदीकडं वळून बघितलं त्यांनी,
जशी ओळखीच्या माणसाची अडाणी बाजू आज दिसावी तशी.
"हितं डोहात बी बारा हात हाय.
म्हंजे पोरी, तुमचं पाणी माज्यापेक्षा खोल."
आणि चऱ्हाट तिच्या हातात देऊन
स्वतः पोरांच्या रांगेत, पायरीवर बसले.

पोती भरली चौदा. फोटोत समुद्र नाही.
संगणकावर किनाऱ्याचं नाव निवडायचं होतं यादीतून,
वरपासून खालपर्यंत सगळी गावं कोकणातली.
मी 'इतर' वर टिचकी मारली.

परतीला अंधार पडला होता.
गावात उतरताना बसूचं दप्तर सीटच्या दांडीला बांधलेलं निघालं.
कुणी बांधलं ते कुणी सांगेना,
गाठ कुणाला सुटेना.
ड्रायव्हर सीटखाली विळा शोधायला लागला.
मायाक्का खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती,
आणि तिला उठवावं की नाही
या विचारात आम्ही सगळे
तिच्याभोवती जरा वेळ उभे राहिलो.